अणुभट्टी ‘सुरक्षितपणे बंद’ झाली, मग पुढे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगात कुठेही मोठा भूकंप झाला की बातमीच्या शेवटी एक ओळ हमखास असते: ‘परिसरातील अणुभट्ट्या सुरक्षितपणे बंद करण्यात आल्या आहेत.’ ही ओळ बहुधा खरीच असते. पण ती वाचून आपण निश्चिंत होतो आणि विचारायचे खरे प्रश्न तिथेच राहून जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

भट्टी बंद होणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. हादरा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की विखंडन रोखणाऱ्या नियंत्रक दांड्या काही सेकंदांत भट्टीत आत जातात आणि विखंडनाची, म्हणजे अणू फुटत जाण्याची, साखळी थांबते. 11 मार्च 2011 रोजी जपानच्या फुकुशिमा दाइइची केंद्रात चालू असलेले तिन्ही संच (भट्ट्या) असेच बिनबोभाट बंद झाले होते. आपल्या इथल्या औष्णिक केंद्रात कोळसा थांबवला की बॉयलर आपोआप निवत जातो. अणुभट्टीचे तसे नाही. हजार मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीत सुमारे तीन हजार मेगावॅट उष्णता तयार होत असते. ती बंद झाल्या क्षणीही इंधनातल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळे तिच्या सहा-सात टक्के, म्हणजे दोनशे मेगावॅटच्या आसपास, उष्णता शिल्लक राहते आणि पूर्ण दिवस उलटल्यावरही पंधरा-वीस मेगावॅट उरतेच. ती काढून नेण्यासाठी पाणी फिरत राहावे लागते, पाणी फिरवायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. वीज देणारे केंद्र स्वतः बंद झालेले असल्यामुळे ती बाहेरून घ्यावी लागते, आणि भूकंपात नेमकी तीच तुटते. उपकेंद्रात काम केलेल्या कोणालाही विचारावे, हादऱ्यात सर्वांत आधी दगा देतात ते चिनीमातीचे इन्सुलेटर आणि बुशिंग, म्हणजे विजेच्या तारांना आधार आणि वाट देणारे विद्युतरोधक भाग.

फुकुशिमात हेच घडले. भूकंपाने स्विचयार्डातली (वाहिन्या जोडण्याच्या आवारातली) उपकरणे मोडली, वाहिनीचा एक मनोरा कोसळला आणि बाहेरचा पुरवठा संपला. डिझेल जनित्रे ठरल्याप्रमाणे सुरू झाली खरी, पण सुमारे पन्नास मिनिटांनी त्सुनामी आली. सहा मीटरपेक्षाही कमी उंचीच्या लाटेचा हिशेब धरून बांधलेल्या केंद्रावर चौदा-पंधरा मीटरचे पाणी चढले आणि तळघरातली जनित्रे, स्विचगिअर (वीज वाटणारी उपकरणे), पहिल्या दोन संचांच्या बॅटऱ्या, सारे बुडाले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आवारात उभ्या असलेल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून नियंत्रण कक्षात नेल्या आणि भट्टीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी मापके त्यांवर कशीबशी चालवली. त्यातही पहिल्या संचाचे मापक प्रत्यक्षापेक्षा जास्त पाणी दाखवत होते. त्याच आवारातले पाचवा आणि सहावा हे संच वाचले, कारण सहाव्या संचाचे हवेने थंड होणारे एक डिझेल जनित्र उंचावर होते आणि ते चालत राहिले. भूकंपाच्या केंद्राला अधिक जवळ असलेले ओनागावा केंद्र जमिनीची उंची मुळातच जास्त राखल्यामुळे आणि पाचपैकी एक बाह्य वाहिनी शाबूत राहिल्यामुळे तगले. इतके, की परिसरातले शेकडो गावकरी त्याच केंद्राच्या आवारात आसऱ्याला गेले.

याउलट 2007 च्या भूकंपात जपानच्याच काशिवाझाकी-कारिवा केंद्रातल्या रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) आग लागली, तेव्हा टीव्हीवर धुराचे लोट पाहून जग हादरले, पण भट्ट्या ठीक होत्या. म्हणजे जे डोळ्यांना दिसते त्यावरून भट्टीची प्रकृती ठरत नाही. 1 जानेवारी 2024 च्या जपानमधल्या नोतो भूकंपात तिथले शिका अणुकेंद्र आधीपासूनच बंद होते, तरीही रोहित्रांतून तेल गळले, काही किरणोत्सार मापन चौक्यांची आकडेवारी मिळेनाशी झाली आणि ज्या रस्त्यांनी लोकांना हलवायचे तेच रस्ते खचले.

सोलापूरला याचे काय, असे कोणी म्हणेल. तारापूर आणि कर्नाटकातले कैगा ही दोन्ही अणुकेंद्रे आपल्यापासून तीन-चारशे किलोमीटरवर आहेत आणि जैतापूरचा प्रकल्प अजून व्हायचा आहे, हे खरे. आपल्याकडचा अनुभवही वाईट नाही: 2001 च्या भूज भूकंपात गुजरातचे काक्रापार केंद्र चालू राहिले, तर 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडूतल्या कल्पाक्कम केंद्राच्या पंपगृहात समुद्राचे पाणी शिरूनही चालू संच व्यवस्थित बंद झाला. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक नुकतेच आडवे झाले असताना, फळीवरची भांडी कोसळण्याचा आवाज या शहराने ऐकला आहे. त्या भूकंपाचा किल्लारीचा टापू तोवर भूकंपधोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. नकाशा सुधारला गेला तो नंतर, 2002 मध्ये. शिवाय आता देशाचे सगळे ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, एक आहे. 2013 च्या अखेरीस रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले. दूरच्या अणुकेंद्राला लागणारी बाहेरची वीजही अखेर याच ग्रीडमधून जाते.

माझा विरोध अणुविजेला नाही. मागणी एवढीच आहे की, अणुकेंद्राच्या परिसरात ठरावीक तीव्रतेपेक्षा मोठा धक्का बसल्यास अणुऊर्जा नियामक मंडळाने काही तासांत मराठीसह स्थानिक भाषेत निवेदन काढावे. बाह्य वाहिन्यांपैकी किती शाबूत आहेत, डिझेल जनित्रे चालू आहेत का आणि इंधनसाठा किती दिवसांचा आहे, वापरलेले इंधन ज्या कुंडात ठेवतात त्याची पाणीपातळी काय आहे, कुंपणाबाहेरच्या मापकांवर किरणोत्सार किती नोंदला जातो, हे त्यात आकड्यांनिशी असावे आणि भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत ते रोज प्रसिद्ध व्हावे. साधा धक्का बसला तरी आपल्याकडे कोयनेला तडा गेल्याची आवई तासाभरात मोबाइलवर फिरते; तिथे अणुकेंद्राबाबत नुसत्या ‘घाबरण्याचे कारण नाही’ या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार? आपल्या वार्ताहरांनीही अशा वेळी ‘भट्टी बंद झाली का’ एवढ्यावर न थांबता ‘पंप कशावर चालले आहेत’ हे विचारावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
होटगी रस्ता, सोलापूर