गोटाबाया राजपक्षे यांच्या पतनाविषयी मित्रास पत्र

पुणे,
१२ जुलै २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सेंद्रिय शेतीने अख्खी श्रीलंका बुडवली, असे गावच्या बैठकीत कुणीतरी तुला ऐकवले आणि इतकी वर्षे रासायनिक खताला हात न लावलेला तू निरुत्तर झालास, हे वाचून मला राहवेना. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांना लोकांनी घालवले त्याला याच आठवड्यात तीन वर्षे झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुला बोलणाऱ्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मात्र शेती हळूहळू सेंद्रिय करू, त्याला दहा वर्षे देऊ, असे गोटाबायांच्या जाहीरनाम्यात होते आणि प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. जमिनीचा कस परत यायला किती हंगाम जावे लागतात हे मी तुला सांगायला नको. भाताचे पीक बसले, चहाच्या मळ्यांना फटका बसला. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली, तोवर हंगाम हातचा गेला होता, आणि तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशावर तांदूळ आयात करण्याची पाळी आली. तिजोरी त्याआधीच रिती होऊ लागली होती. सत्तेवर येताच त्यांनी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला होता, करोनाने पर्यटन बंद पडले होते आणि बाहेरचे कर्ज ५१ अब्ज डॉलरवर गेले होते. त्या कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे सरकारने १२ एप्रिल २०२२ रोजी जाहीर केले.

कुणाला न विचारता हुकूम सोडायचा आणि तो पाळला जाईल असे गृहीत धरायचे, ही रीत त्यांनी शेतात उचललेली नव्हती. थोरले बंधू महिंदा २००५ साली राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा सैन्य सोडून अमेरिकेत स्थायिक झालेले गोटाबाया मायदेशी परतले आणि संरक्षण सचिव झाले. मे २००९ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली सैन्याने वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या लिट्टे या सशस्त्र संघटनेचा पाडाव केला. मुल्लिवाइक्कालच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर कोंडलेले किती तमिळ नागरिक त्या शेवटच्या महिन्यांत मेले, याचा नक्की हिशेब कधी लागलाच नाही. ही संख्या ४०,०००पर्यंत असू शकते, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटले आहे. सिंहलीबहुल दक्षिणेत मात्र गोटाबाया वीरपुरुष ठरले. एप्रिल २०१९ मधल्या ईस्टरच्या स्फोटांनी भेदरलेल्या सिंहली मतदारांना पुन्हा असाच खंबीर माणूस हवा होता, आणि त्याच नोव्हेंबरात ५२.२५ टक्के मते मिळवून ते निवडून आले. शपथविधीसाठी त्यांनी अनुराधपूरचा रुवनवेलिसाय स्तूप निवडला. तमिळ राजा एळाराला हरवणाऱ्या सिंहली राजा दुट्टगामणीने हा स्तूप उभारला, असे सिंहली परंपरा मानते. आपण सिंहली बहुसंख्याकांच्या बळावर जिंकू हे आपल्याला ठाऊक होते, असे त्यांनी तिथेच बोलून दाखवले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, युद्धातले बेपत्ता लोक प्रत्यक्षात मेलेले आहेत, असे ते संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला म्हणाले. उत्तरेतल्या वावुनिया आणि किलिनोच्ची येथे तमिळ माता २०१७ पासून रस्त्याकडेला मांडव घालून बसल्या होत्या. त्यांतल्या कित्येकींनी आपला मुलगा वा नवरा स्वतःच्या डोळ्यांदेखत सैन्याच्या स्वाधीन होताना पाहिला होता. मेले असतील तर कुणी मारले आणि कुठे पुरले, एवढेच त्या विचारत होत्या. माझ्या दृष्टीने गोटाबायांचे पतन या मांडवांपासून सुरू होते. दुर्दैव असे की कोलंबोला ते मांडव दिसायला स्वतःच्या घरातली चूल विझावी लागली.

चूल २०२२ च्या मार्चपर्यंत विझलीच. दिवसातून तेरा तेरा तास वीज नाही, गॅसच्या टाकीसाठी रांगा, पेट्रोलच्या रांगेत उभी राहिलेली वृद्ध माणसे कोसळून मेली. ३१ मार्चच्या रात्री मिरिहान येथील त्यांच्या घराला जमावाने वेढा घातला आणि ९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. त्या वस्तीला लोकांनी ‘गोटागोगम’, म्हणजे ‘गोटा, जा’ गाव, असे नाव दिले. सिंहलीतले ‘गम’ म्हणजे आपले गाव, शब्दही एकाच मुळाचे. ९ मे रोजी महिंदांच्या समर्थकांनी त्या गावावर काठ्या घेऊन हल्ला केला. देशभर आगडोंब उसळला आणि पंतप्रधान असलेल्या महिंदांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १८ मेचा दिवस. दक्षिणेत तो दिवस इतकी वर्षे युद्धातल्या विजयाचा म्हणून साजरा होत आला होता. त्या दिवशी गॉल फेसवर तमिळ मृतांसाठी दिवे लावले गेले आणि मुल्लिवाइक्कालची कांजी वाटली गेली. ती आपल्या कोकणातल्या पेजेसारखीच: मूठभर तांदूळ, पुष्कळ पाणी, असेल तर मीठ. शेवटच्या दिवसांत वेढ्यात अडकलेली माणसे तिच्यावर तगली होती. कोलंबोच्या मैदानावर सिंहली तरुणांनी, भिक्षूंनी ती कांजी हातात घेतली. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, तिथल्या तरणतलावात पोहले, ही दृश्ये सगळ्या जगाने पाहिली. कांजीचे ते वाडगे फार थोड्यांनी पाहिले, याची मला आजही खंत वाटते.

पुढचे तुला माहीत आहे. १३ जुलैच्या पहाटे गोटाबाया लष्करी विमानाने मालदीवला पळाले, तिथून सिंगापूरला गेले आणि तिथूनच त्यांनी ईमेलने राजीनामा धाडला. सप्टेंबरमध्ये ते परतले, तेव्हा विमानतळावर मंत्र्यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांना सरकारी बंगला मिळाला. या आर्थिक अरिष्टाला राजपक्षे बंधूही जबाबदार आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला. वावुनियाचा मांडव अजून उठलेला नाही. वाट पाहता पाहता त्यातल्या कित्येक माता निवर्तल्या आहेत.

पुढच्या बैठकीत हे सांगशील ना? आणि तुला तुझी जमीन रसायनमुक्त करायला किती वर्षे लागली, तेही त्यांना सांग. घरी सर्वांना माझा नमस्कार. पत्राची वाट पाहतो.

तुझाच,
मित्र