वरच्या मजल्यावरच्या वहिनींना, बुधवारच्या थाई चिकन रॅपसाठी मनापासून थँक्यू

प्रिय वहिनी,

जिन्यात भेटल्यावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "पुरे रे, चिकनच तर शिकवलंय" म्हणता आणि पिशव्या घेऊन वर निघून जाता, त्यामुळे माझं बोलणं कायम अर्धंच राहतं. म्हणून आज सगळं लिहून काढतोय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण एक म्हणजे तुम्ही जे केलंत ते लोकांना कळायला हवं, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी दमून घरी येऊन आता काय करू म्हणत ओट्यासमोर उभी राहणारी माणसं म्हापशात घरोघरी आहेत, त्यांनाही याचा उपयोग होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी बायको नर्स आहे, तिची ड्युटी सारखी बदलते, आणि संध्याकाळची लागली की रात्रीचं जेवण माझ्याकडे. पणजीहून ऑफिस सुटल्यावर शटलची लाईन, मग पर्वरीचं ट्रॅफिक, घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात, पोरांना तोवर कडाडून भूक लागलेली असते. एरवी आई दुपारीच हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, करून ठेवते त्यावर भागतं. पण १ जून ते ३१ जुलै मासळीबंदी, ट्रॉलर बंद, बाजारात जे थोडंफार येतं त्याचा भाव ऐकून माणूस परत फिरतो, मग उरतं चिकन. आणि आपल्याकडे चिकन म्हटलं की शागोती, म्हणजे खोबरं भाजा, खसखस भाजा, धणे मिरच्या भाजा, सगळं वाटा, ते रविवारचं काम आहे, बुधवारी रात्री आठला ते कोणाकडून होणार?

वहिनी गेली कित्येक वर्षं कळंगुटच्या बाजूला एका रिसॉर्टच्या किचनमध्ये थाई सेक्शनला आहेत. त्यांच्याकडे मी फक्त एक सोपी रेसिपी मागायला गेलो होतो. त्यांनी रेसिपी दिलीच नाही, त्या सुट्टीच्या दिवशी खाली आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आधी घरात काय काय आहे ते दाखव."

वहिनी, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. माझ्या डोक्यात थाई म्हणजे महागड्या दुकानातल्या परदेशी बाटल्या, आणि तुम्ही आमच्याच घरातून एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडलीत. लसूण, हिरव्या मिरच्या, लिंबं, शेंगदाण्याचं कूट, नारळ. मागच्या दारी गवती चहा आहे, आम्ही त्याची वरची पाती चहात घालतो, तुम्ही खालचा पांढरा जाड दांडा कापून घेतलात आणि सांगितलंत की थाई लोक जेवणात हाच भाग वापरतात, बाहेरची कडक सालं काढायची आणि आतला कोवळा भाग अगदी बारीक चिरायचा. आई पातोळ्यांसाठी माडाचा काळा गूळ ठेवते, त्या डब्याचं झाकण उघडून वास घेतलात तेव्हा तुमचा चेहरा खुलला होता, कारण थाई स्वयंपाकात गोडीसाठी माडाच्या ताज्या गोड रसापासून केलेली साखरच घालतात, त्यांची रंगाला फिकी असते, आपला गूळ काळा आणि जास्त धुरकट, पण जात एकच. कोथिंबिरीची मुळं मी कापून टाकायला निघालो तर माझा हात धरलात. बेळगावहून येणारी जुडी मुळासकट असते आणि आपण नेमकं तेच कचऱ्यात टाकतो, आणि तिकडे मात्र लसूण, मिरी आणि कोथिंबिरीचं मूळ हे तिन्ही एकत्र कुटूनच कितीतरी पदार्थांची सुरुवात होते. आता आमच्याकडे जुडी आली की आई मुळं धुवून डबीत भरून फ्रीजमध्ये टाकते, मला सांगावंही लागत नाही.

बाहेरून आणायची होती फक्त फिश सॉसची बाटली. तिचा वास आल्यावर पोरं खोलीतून पळाली होती, पण आई शांतपणे म्हणाली, अरे ही तर सुक्या मासळीची गल्ली. बरोबरच आहे, बारीक मासळी आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं पाणी ते, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुकी सुंगटं (कोळंबी) आणि खारे बांगडे निवडत वाढलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखं काय आहे. आणि तापलेल्या कढईत पडल्यावर तो उग्रपणा जातो, मागे फक्त एक खोल खारट चव राहते, मिठाने ती कधीच येत नाही.

आता कृती लिहितो, तुम्ही बोलत बोलत दाखवलीत तशीच, म्हणजे बाकीच्यांनाही करता येईल. अर्धा किलो चिकन, लेगचं बोनलेस, ब्रेस्टचं नको कारण ते जरा जास्त शिजलं की चोथा होतं. बोटाएवढ्या पातळ पट्ट्या कापायच्या. चार-पाच लसूण पाकळ्या, दोन कोथिंबिरीची मुळं, पाच-सहा मिरी आणि गवती चहाचा तो कोवळा दांडा खलबत्त्यात कुटायचा, त्यात दीड मोठा चमचा फिश सॉस आणि एक छोटा चमचा किसलेला माडाचा गूळ, हे चिकनला चोळून ठेवायचं, वेगळं मीठ अजिबात नाही. मी ऑफिसचे कपडे बदलून भाज्या चिरून होईपर्यंत पंधरा मिनिटं जातात, तेवढं मुरलं की बास. मग लोखंडी कढई चांगली धूर येईपर्यंत तापवायची, तेल घालायचं आणि चिकन दोन घाण्यांत टाकायचं. हे तुम्ही मला फार निक्षून सांगितलं होतं, सगळं एकदम ओतलं की कढई थंड पडते, चिकनला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. एक घाणा पाच-सहा मिनिटांत होतो, कडा खरपूस व्हायला हव्यात, आणि सगळ्यात जाड तुकडा मोडून बघायचा, आत गुलाबी दिसता कामा नये. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांनी ७४ अंश सेल्सिअस बघावं. लिंबू गॅस बंद केल्यावरच, आधी पिळलं तर त्याचा ताजेपणा उडून जातो. आणि त्याच वेळी लिंबाची थोडी हिरवी साल किसून टाकायची, थाई लिंबाच्या पानांचा वास त्याने हुबेहूब येत नाही, पण जवळपास जाणारं काहीतरी नक्की मिळतं.

सॉस मात्र माझ्या पोरीला चिकनपेक्षा जास्त आवडतो. नारळाचं पहिलं घट्ट दूध अर्धी वाटी, चार मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, कुटलेली लसूण-मिरची, थोडा गूळ, थोडा फिश सॉस, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळायचं आणि खाली उतरवून लिंबू. तुम्ही मला इथे माप दिलं नाही, चमचा हातात दिलात आणि विचारलंत, "काय कमी आहे सांग." खारट, आंबट, गोड, तिखट, चारही जिभेला वेगवेगळे कळले पाहिजेत आणि एकानेही दुसऱ्याला दाबता कामा नये, कमी वाटेल ते चिमूटभर घालायचं आणि परत चाखायचं. वहिनी, मला आजवर स्वयंपाक शिकवणारे सगळे मापं सांगत आले, चाखायला पहिल्यांदा तुम्ही शिकवलंत, आणि त्याचा फायदा आता मला आमटीत होतो, सोलकढीत होतो, रोज होतो.

रॅपसाठी तुम्ही विकतच्या रोट्यांचा विषयच काढला नाहीत. सकाळी चपात्यांच्या पिठात थोडा मैदा जास्त मळायचा, लाटताना नेहमीपेक्षा मोठी लाटायची, फार डाग पडेपर्यंत भाजायची नाही आणि लगेच फडक्यात गुंडाळायची, मग ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते आणि वळताना तडकत नाही. चपातीवर आधी कोबीचं कच्चं पान, त्यावर चिकन, काकडी, गाजर, कांद्याची पात, भरपूर पुदिना आणि कोथिंबीर, एप्रिल-मेमध्ये कैरीच्या काड्या, एरवी कच्च्या पपईचा कीस, वरून सॉस. ते कोबीचं पान फार कामाचं आहे, सॉसचं पाणी चपातीपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोरांच्या डब्यातही रॅप लगदा होत नाही, फक्त सॉस वेगळ्या छोट्या डबीत द्यायचा. कधी पिठाचा कंटाळा आला तर संध्याकाळी येणाऱ्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई मधोमध फाडून तिच्या पोटात हेच भरायचं, कोंडा लावलेली ती पोई आणि आत गरम चिकन, आमच्या धाकट्याला तर तेच जास्त आवडतं.

तुळशीचं पण इथे लिहायलाच हवं. मी कुठेतरी वाचलं होतं की थाई चिकनच्या एका फार प्रसिद्ध पदार्थात जी पानं पडतात ती तुळशीचीच, झाड एकच. आणि आमच्या दारात वृंदावन. मी विचारल्यावर तुम्ही आईकडे बघितलंत आणि म्हणालात की त्याची काही गरज नाही, सब्जाची पानं घाल, थाई लोक तीही भरपूर वापरतात. दुसऱ्या दिवशी तुमच्या कुंडीतली एक फांदी आणून दिलीत, पाण्याच्या ग्लासात ठेवली, मुळं फुटली, आता आमच्या गॅलरीत सब्जाच्या दोन कुंड्या आहेत. आई त्या दिवसापासून तुमचं नाव फार मायेने घेते. तिच्या मनात काय आहे हे तिने बोलायच्या आधी तुम्हाला कळलं. तिच्या सोमवार-गुरुवारच्या शाकाहारासाठीही तुम्हीच पनीर आणि मशरूमचं सुचवलंत, फिश सॉसऐवजी सोया सॉस, बाकी सगळं तेच. त्यामुळे आता ती वेगळी बसून जेवत नाही, ताटं एकत्र मांडली जातात.

अजून एक. चपातीत गुंडाळलेला रॅप हा काही थायलंडचा पदार्थ नव्हे, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलंत, आणि मला ते फार आवडलं. तिकडे गुंडाळतात ते पानात, म्हणून तुम्ही मियांग खामबद्दल सांगितलंत, हिरव्या पानात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, आल्याचे तुकडे, सालीसकट लिंबू, मिरची आणि सुकी सुंगटं, वर गुळाचा घट्ट पाक. ऐकता ऐकता आई म्हणाली ही तर आपली सुक्या सुंगटांची किसमूर! आणि खरंच, सुकी सुंगटं, खोबरं, तिखट, आंबट, किती जवळचं आहे. मिरची तर दोन्हीकडे बाहेरूनच आलेली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील थायलंडच्या तेव्हाच्या राजधानीत, अयुथयाला जाऊन पोचला. त्यांच्याच काळात मिरची इकडेही रुजली आणि तिकडेही. मला इतिहासाची आवड आहे म्हणून हे डोक्यात फिरत राहतं, पण तुमच्या हातात ते बोलताना दिसतं, तुम्ही एकाच खलबत्त्यात सकाळी घरचं हुमण आणि दुपारी हॉटेलचं थाई करता आणि तुम्हाला त्यात काहीच वेगळं वाटत नाही.

तुम्ही दिवसभर आचेसमोर उभ्या असता, सुट्टीचा एकच दिवस मिळतो, त्यातला अर्धा आमच्या ओट्यासमोर घालवलात, एक पैसा घेतला नाहीत, उलट येताना स्वतःची लिंबं घेऊन आलात. बायको रात्री ड्युटीवरून येते तेव्हा तिच्यासाठी चिकन वेगळं झाकून ठेवलेलं असतं, ती फक्त चपाती गरम करते आणि स्वतः भरून घेते. साडेदहाला ती आवडीने जेवते, आधी अशा वेळी बिस्किटं खाऊन झोपायची. याचं थँक्यू मला तुम्हाला नीट म्हणायचं होतं. तिनेही सांगितलंय की माझ्यातर्फे लिही.

आता पुढचं मागणं. हिरव्या करीची पेस्ट शिकवा. तुम्ही म्हणाला होतात की त्यात आलं चालत नाही, कुळंजन हे आल्यासारखंच दुसरं मूळ लागतं, इथे मला ते काष्ठौषधीच्या दुकानात मिळालं पण सुकं, ते भिजवून चालेल का, की तुमच्या किचनला जो भाजीवाला माल देतो त्याच्याकडून ताजं मागवू या? पैसे आधी देतो. बायकोची सकाळची ड्युटी असेल तो आठवडा धरू, तिलाही शिकायचंय. आणि मिक्सर घेऊन वर येऊ की खलबत्ता, तेवढं कळवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा शेजारी