फ्रिजवरच्या त्या चिठ्ठीबद्दल, औषधतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजवर तुम्ही चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल मनापासून आभार. ‘सेफोपेराझोन सुरू? पीटी-आयएनआर आधी करा, मग दर दोन-तीन दिवसांनी.’ पीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, आयएनआर हे त्याचंच प्रमाणित माप.

पित्तमार्गाच्या आणि पोटातल्या संसर्गाला आपल्याकडे सेफोपेराझोन-सल्बॅक्टम हे अँटिबायोटिक सर्रास चालतं. त्याच्या रेणूला एनएमटीटी नावाची एक शेपटी असते. वापरून झालेलं व्हिटॅमिन के पुन्हा कामाला लावणारं यकृतातलं एन्झाइम ती अडवते. रक्त पातळ करणारं वॉरफरिनही तेच करतं. मग व्हिटॅमिन केअभावी रक्त गोठवणारे घटक 2, 7, 9 आणि 10 अर्धवटच बनतात. घटक 7 चं अर्धायुष्य जेमतेम सहा तासांचं, म्हणून सगळ्यात आधी पीटी लांबतो. प्लेटलेट मात्र व्यवस्थित असतात. नुसता सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघणारा इथेच फसतो.

राउंडला तुमचा पहिला प्रश्न ‘पेशंट जेवतोय का?’ हा असायचा. तो किती नेमका होता! मुळशी-वेल्ह्याकडून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं जेवण आधीच तुटलेलं असतं, वर चार दिवस पेज आणि सलाईन. शरीरात व्हिटॅमिन केचा साठा मुळात थोडा. पालेभाजी बंद, आतड्यातले जंतू औषधाने मेलेले, त्यात किडनी अधू असेल तर धोका आणखी वाढतो.

उताराही तुम्हीच घोटून घेतलात. व्हिटॅमिन के 10 मि.ग्रॅ., 50 मि.लि. सलाईनमध्ये, 20 ते 30 मिनिटांत. झटक्यात दिलं तर जिवावरची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. स्नायूत टोचायचं नाही, तिथे रक्ताची गाठ होते. 6 ते 12 तासांनी आयएनआर पुन्हा. रक्तस्राव सुरू असेल तर तेवढी वाट न पाहता सोबत एफएफपी (गोठवून ठेवलेला ताजा प्लाझ्मा), किलोमागे 10 ते 15 मि.लि.

हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्या, अ‍ॅसिनोकुमारॉल ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या पेशंटना तुम्ही डिस्चार्जच्या वेळी स्वतः समजावता, त्याचे वेगळे आभार. जुलाब लागले की मेट्रोनिडॅझोल दुकानातून परस्पर आणलं जातं. ते या गोळीचा निचरा मंदावतं आणि नेहमीचाच डोस जास्त होतो.

चिठ्ठीखाली आम्ही एक ओळ वाढवली आहे, चालेल ना? ‘निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं द्रव्य). कमी भरली तर पीटी खोटाच लांबलेला येतो.’

आपले,
मेडिसिन वॉर्डचे निवासी डॉक्टर आणि सिस्टर, पुणे