हार्ड डिस्क मोठी एक नको, साध्या दोन घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दिवाळी खरेदीच्या पानावर पोर्टेबल हार्ड डिस्कचा तक्ता आला होता, तो वाचला. किमती बाजाराला धरून आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण तक्त्यात वेग, वजन, रंग आणि जागा एवढेच रकाने आहेत, आणि पहिला नंबर सर्वांत वेगवान एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) दिलाय. वर मथळा मात्र ‘आपल्या आठवणी सुरक्षित ठेवा’ असा. आठवणी जपायला डिस्क घेणाऱ्याने हा तक्ता पाहून खरेदी केली तर पैसे भलत्याच गोष्टीवर जातील, म्हणून हे पत्र.

मी चिपळुणात लग्नाचे फोटो काढते. स्टुडिओ सासऱ्यांचा, रोल धुण्याच्या काळापासूनचा. आमच्या धंद्यात आता अशी पद्धत पडली आहे की अल्बम आणि व्हिडिओ दिल्यावर रॉ डेटाही, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलीही, हव्या असतील तर पार्टीने स्वतःची हार्ड डिस्क आणून द्यायची. त्यामुळे लग्नसराई आली की ‘ताई, कुठली घेऊ?’ हा प्रश्न सुरू होतो. विचारणारा बहुतेक वेळा नवरीचा भाऊ असतो. हे काम त्याच्याच गळ्यात का पडते कोण जाणे.

आधी जागेचा हिशेब. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) घेतला तर तासाला ४५ जीबी होतात. हळदीपासून वरातीपर्यंत दोन कॅमेरे आणि एक ड्रोन धरला, त्यात रॉ फोटो प्रत्येकी पंचवीस-तीस एमबीचे, तर सात-आठशे जीबी सहज भरतात. म्हणजे १ टीबीची, हजार जीबीची, डिस्क एका लग्नातच जवळजवळ संपली. २ टीबी घेतली तर लग्न मावते, आई-वडिलांच्या मोबाइलमधले फोटो मावतात, सातबारा, खरेदीखत, मार्कशीट यांची स्कॅन तर कुठल्या कुठे मावतात. आणि ती संगणकाला लावल्यावर विंडोज १.८१ टीबी दाखवते म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी दशमानात मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. मॅकवर तीच डिस्क पूर्ण २ टीबी दिसेल.

‘आता क्लाउड आहे की’ असेही त्या लेखात एक वाक्य आहे. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. फुकटात मिळतात १५ जीबी, तेही मेल आणि ड्राइव्ह धरून. मघाच्या हिशेबाने ही वीस मिनिटांची फोर-के फीत झाली. आमच्याकडे मंगलाष्टकांना कधी कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पैसे भरून जागा घेणाऱ्याने जरूर घ्यावी, पण सात-आठशे जीबी चढवायला कोकणातल्या इंटरनेटवर किती दिवस लागतील ते घेणाऱ्यानेच ठरवावे.

आता मुद्द्याचे. ४ किंवा ५ टीबीची एकच डिस्क घेऊ नका. २ टीबीच्या दोन घ्या. दर टीबीमागे हिशेब केला तर मोठी स्वस्त पडते हे खरे, दोन घेताना थोडे जास्त जातील. पण एकाच डिस्कवर सगळे ठेवून लॅपटॉपमधून पुसून टाकले, की तो बॅकअप राहत नाही. ती एकुलती एक प्रत झाली, फक्त तिची जागा बदलली. मी हे पार्टीला समजावते तेव्हा पहिले उत्तर येते, ‘पण ताई, ती नवीन आहे ना!’ नवीन डिस्कही जाते. चालू असताना टेबलावरून पडली की बास. आतले वाचणारे टोक तबकडीपासून केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते, ते टेकले की ‘टिक टिक’ आवाज येतो आणि डिस्क उठत नाही.

दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या कंपनीच्या घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींना लागणार नाही. निवड फार मोठी नाहीच. जगात फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या आता तीनच कंपन्या उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी कुठल्याही नावाचे खोके घ्या, आत यांच्यापैकीच कोणीतरी असतो.

आणि त्या दोन डिस्क एका छपराखाली ठेवू नका. हे मला चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको, पण आपला पेपर पुण्या-मुंबईतही वाचला जातो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी आमच्या बाजारपेठेत शिरले, तळमजले बुडाले. ओळखीच्या एका घरात तीन डिस्क होत्या, व्यवस्थित नावे घातलेल्या, आणि तिन्ही एकाच लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात. बॅकअप तीन होते, पत्ता एकच. २००५ च्या पुरानंतर सासऱ्यांनी भिजलेल्या निगेटिव्ह स्वच्छ पाण्यात पुन्हा धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच हाती लागल्या. हार्ड डिस्कचे तसे नसते. माझी दुसरी डिस्क दापोलीला नणंदेकडे असते, जाताना एक नेते आणि तिथली घेऊन येते. बँकेचा लॉकरही चालेल, फक्त तो तळमजल्यावर तर नाही ना, एवढे पाहून घ्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हा नियम जगभर पाळला जातो, आणि तो रूढ करणारा पीटर क्रोग हा अमेरिकी माणूस आमच्याच धंद्यातला, फोटोग्राफर आहे. मला त्याचे उगाच कौतुक वाटते.

दुसऱ्याच्या घरी ठेवायच्या डिस्कला पासवर्ड लावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असते, नसेल तर व्हेराक्रिप्ट फुकट मिळते. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत हवा, नाहीतर तुमच्यामागे ती डिस्क म्हणजे नुसता डबा.

आता त्या पहिल्या नंबरच्या एसएसडीबद्दल. एसएसडी वाईट नाही, मी स्वतः शूटिंगला तीच नेते. पडली तरी सहसा काही होत नाही, आणि कार्यालयात जेवणाच्या पंगती उठेपर्यंत कार्डे रिकामी करून होतात. पण बॅकअपची डिस्क वर्षातून दोन-चार वेळा कपाटाबाहेर निघते. तिला हा वेग काय करायचा? उलट एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे ठेवायची वस्तूच नव्हे. तिच्यातली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तो हळूहळू गळतो आणि उकाड्यात लवकर गळतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी लिहिते. आठशे जीबीला दोन तास लागतात, लावा आणि स्वयंपाकाला लागा. सहा-सात तास लागत असतील तर तुम्ही जुन्या यूएसबी २.० च्या पोर्टला लावली आहे. संगणकाच्या मागे बघा, आतून निळी पट्टी असलेले पोर्ट बहुधा ३.० चे असते. पुढच्या पोर्टला डिस्क उठत नसेल तेव्हाही मागेच लावून पाहा, पुढे वीज कमी पडते.

मोठ्या पोर्टेबल डिस्क अर्ध्यातून मंदावतात अशीही तक्रार येते. त्यात बऱ्याचदा तबकडीवरचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावते. पण एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे जुन्यावर नवे लिहिताना डिस्कला आजूबाजूचेही पुन्हा लिहावे लागते. एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला त्याने काही बिघडत नाही. तिच्यावरच एडिटिंग करायला बसलात तर वैतागाल.

फॉरमॅटबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. घरात सगळे विंडोजवाले असतील तर एनटीएफएस. कोणाकडे मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट३२ नकोच, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाची एकेक क्लिप त्याहून मोठी असते. एक्सफॅटची डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ न करता ओढून काढली तर फोल्डर उडण्याची भीती जास्त. आणि काम झाले की डिस्क काढून ठेवा, कायम लावून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो संगणकाबरोबर जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो.

‘१६ टीबी एसएसडी, दोन हजारात’ अशा जाहिराती सेलच्या दिवसांत मोबाइलवर फिरतात. त्या विकत घेऊ नका, भेटही देऊ नका. त्या डबीत लहानसे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटी जागा सांगायला शिकवलेली चिप असते. फाइली जाताना दिसतात, फोल्डरमध्ये नावेही दिसतात, उघडायला गेले की उघडत नाहीत. लग्न होऊन सहा महिन्यांनी व्हिडिओ पाहायला बसल्यावर हे कळते. कुठलीही नवी डिस्क घेतली की एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम ती पूर्ण भरून आणि वाचून पाहतो. रात्रभर चालू ठेवा. वॉरंटीच्या मुदतीत दोष निघाला तर बदलून मिळते, मात्र वॉरंटीत मिळते ती कोरी डिस्क, तुमचे फोटो नव्हेत. बिल जपा.

आणखी एक अगदी किरकोळ गोष्ट, पण स्टुडिओत सर्वांत जास्त हीच येते. पोर्टेबल डिस्कची ती रुंद, चपटी पिन असलेली केबल हरवते किंवा तिचे सॉकेट ढिले होते. मोबाइलच्या दुकानात ती केबल मिळत नाही. डिस्क घेतानाच एक जादा घेऊन ठेवा. टाइप-सी सॉकेटवाली डिस्क मिळाली तर उत्तमच.

सॉकेट अगदीच तुटले तर पुढे काय, हे डिस्कच्या आतल्या बांधणीवर असते. काही डब्यांत साटाची (संगणकाच्या आत डिस्क जोडायची नेहमीची जोडणी) साधी डिस्क आणि तिच्यापुढे एक छोटे यूएसबीचे बोर्ड असते. बोर्ड गेले तर डिस्क काढून दुसऱ्या केसमध्ये घालता येते, काम दहा मिनिटांचे. अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र यूएसबी सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर झाळलेले असते. तिथे केस बदलून भागत नाही, बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या रिकव्हरीवाल्याकडेच जावे लागते आणि तो सांगेल तो आकडा डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

पुराचा विषय निघालाच आहे तर भिजलेल्या डिस्कबद्दलही लिहिते, कारण पाणी ओसरल्यावर लोक नेमके उलट करतात. तिला वीज देऊन ‘चालते का’ बघू नका. तांदळात पुरू नका, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका. बहुतेक हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत गेलेले असू शकते. ते वाळले की गाळ तबकडीवर चिकटतो. ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, तशीच ओली रिकव्हरीवाल्याकडे पोचवा. तिथेही खात्री नाही, पण आशा असते.

आता आपल्याकडे एक मागणे. डिस्कच्या आत साटा आहे की यूएसबी थेट बोर्डावर, आणि पट्टे कौलांसारखे आहेत की सुटे, हे खोक्यावर सहसा छापलेले नसते. दुकानदारालाही माहीत नसते, मी विचारून पाहिले आहे. माझ्यासारखीने कंपनीला मेल केला तर ठरावीक मजकुराचे उत्तर येते. तुम्ही वर्तमानपत्र म्हणून विचारलेत तर कदाचित नीट उत्तर मिळेल. पुढचा तक्ता छापताना रंगाचा रकाना काढून त्या जागी हे दोन घालता येतील का?

आपली,
एक फोटोग्राफर वाचक
चिपळूण, जि. रत्नागिरी