गाणारा नट म्हणजे हौशी नट नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पंजाबी गायक आणि नट दिलजीत दोसांझवर पानभर आलंय ते वाचलं. फोटो झक्कास आहेत, पण लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच त्याला हौसेखातर ॲक्टिंग करणारा पॉप सिंगर करून टाकलाय आणि पुढे सगळं कपडे, चष्मे नि कॉन्सर्टच्या तिकिटांचे रेट. मी कोपरखैरण्याला राहतो, साऊंड भाड्याने देतो. हळद, साखरपुडा, गणपती, सोसायटीचं गॅदरिंग, काय येईल ते. बावीस वर्षं गाणाऱ्यांच्या पायाशी बसून मिक्सर सांभाळलाय, म्हणून दोन शब्द लिहावेसे वाटले.

हा मूळचा दलजीत, जालंधर जिल्ह्यातल्या दोसांझ कलां गावचा. लहानपणी घरच्यांनी लुधियानाला मामाकडे पाठवला, तिथे गुरुद्वाऱ्यात कीर्तन गायला लागला, मग अल्बम, लग्नाचे शो वगैरे. २०११ ला हिरो म्हणून पहिला पंजाबी पिक्चर आला, द लायन ऑफ पंजाब, तो पडला, पण त्यातलं लक २८ कुडी दा हे गाणं असं चाललं की विचारू नका. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊदे बाबा आपण गाणंच करू. ह्याने पुढच्याच वर्षी जट अँड ज्युलिएट केला आणि तो तुफान चालला. मग २०१६ ला उडता पंजाब, त्यात साधा पोलीसवाला, आणि फिल्मफेअरचं बेस्ट डेब्यू मिळालं. हिंदी पिक्चरमध्ये पगडीवाला माणूस म्हणजे बहुतेक हसवायलाच असायचा, त्यात हा सिरियस रोल करून गेला, आणि वर त्याच पिक्चरमध्ये पंजाबी कवी शिवकुमार बटालवींचं इक कुडी पण गायलाय. आता ह्यात गाणं कुठे संपलं आणि ॲक्टिंग कुठे सुरू झाली ते मला तरी सांगता येणार नाही.

पण खरी गोष्ट अमरसिंग चमकीला ह्या पिक्चरची, २०२४ चा, इम्तियाज अलीचा. तुमच्या लेखात त्याला दीड ओळ आहे. खरा चमकीला हा पंजाबात गावोगावच्या आखाड्यात, म्हणजे उघड्यावरच्या गाण्याच्या कार्यक्रमात, तुंबी हे एकतारी वाद्य वाजवत गाणारा माणूस, १९८८ च्या मार्चमध्ये मेहसामपूरला कार्यक्रमाला गेला असताना बायको अमरजोतसकट त्याला गोळ्या घातल्या. आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. पिक्चरमध्ये गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड होतं, सेटवर ते स्पीकरवर लावतात आणि नट नुसते ओठ हलवतो. चमकीलात दिलजीत आणि परिणीती चोप्राने त्या दोघांची गाणी सेटवर, कॅमेऱ्यासमोर, लाईव्ह गायलीत. मी तो पिक्चर हेडफोन लावून दोनदा बघितला, बायको म्हणाली येडा झालास काय. पण ऐकू येतं हो! मान वळली की आवाज जरासा मागे जातो, श्वास मध्येच लागतो, ओळीच्या शेवटी हसू आलं तर ते सुरात मिसळतं. स्टुडिओत असं झालं तर रेकॉर्डिस्ट म्हणतो परत घ्या. आणि तो माईकच्या किती जवळ जातो, कधी लांब होतो ते बघा, हे एखाद्या कोर्समध्ये नाही शिकवत, शंभर लग्नात माईक-स्पीकरच्या फीडबॅकची शिट्टी ऐकून, साऊंडवाल्याच्या शिव्या खाऊन येतं. त्याच रोलसाठी २०२५ ला इंटरनॅशनल एमी ह्या टीव्हीच्या जागतिक अवॉर्डला बेस्ट ॲक्टरच्या नॉमिनेशनमध्ये नाव होतं. मिळालं नाही, ठीके. पण हौसेने करणाऱ्याचं नाव तिथपर्यंत जात नाही ना साहेब.

२०२३ ला तो अमेरिकेत कोचेला ह्या मोठ्या म्युझिक फेस्टिवलला गायला, तिथे गाणारा पहिला पंजाबी गायक, ते तुम्ही छापलंत, बरं केलंत.

हे एवढं मनाला का लागलं तर आमच्याकडे एक पोरगा आहे, नाव नको. घणसोलीचा, आगरी हळदीला गातो, चार तास घसा फोडून गाणार आणि मध्येच एखाद्या मावशीची नक्कल करून अख्खा मांडव हसवणार. त्याला घोडबंदर रोडला एका सिरीयलमध्ये छोटासा रोल मिळाला, रिक्षावाल्याचा. झालं! ऑर्केस्ट्रावाले म्हणायला लागले आता तुला कशाला बोलवायचं, तू तर ॲक्टर झालास. आणि सेटवर कोणीतरी म्हणालं, अरे हा तर हळदीचा सिंगर आहे, ह्याला कुठे डायलॉग देताय. दोन्हीकडून गेला बिचारा, महिना दीड महिना फोनच नाही. आता परत गातोय, पण रेट कमी केलाय.

गंमत म्हणजे हे आपल्या मराठी लोकांत व्हावं. आपल्याकडे गायक नट हा सरळ एक शब्द आहे, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ. १९२१ चं बालगंधर्व आणि केशवरावांचं संयुक्त मानापमान नाटक अजून लोक सांगतात. माझे आजोबा म्हणायचे, नाटकाला जाऊन आलो असं नाही, गाणं बघून आलो असं म्हणायचे लोक. गाणं बघून! आजही गडकरी रंगायतनला नाहीतर वाशीच्या भावे नाट्यगृहाला प्रशांत दामले नाटकात गायला लागले की कोणी म्हणत नाही हा नट हौसेने गातो. मग दिलजीतला आणि आमच्या घणसोलीच्या पोराला वेगळा न्याय का, तेवढं त्या लिहिणाऱ्यांना विचारा.

पत्र मोठं झालंय, कापलंत तरी चालेल, फक्त चमकीलाचं कापू नका. आज ऐरोलीला हळद आहे, पोरगं येतंय, यादीत तिसरं गाणं दिलजीतचंच लिहिलंय त्याने. दहाला साऊंड बंद करावा लागतो म्हणून मी म्हंटलं ते पहिलंच घे.

आपला,
एक साऊंडवाला वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई