वेदनाशामक गोळी आणि पोट

संपादक महोदय,

लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून गुडघे धरले की औषधाच्या दुकानातून पट्टी कापून दोन गोळ्या घ्यायच्या आणि कटिंग चहाबरोबर गिळायच्या, ही सवय माझीही होती. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक केवळ दुखऱ्या जागी जात नाही. ते रक्तावाटे सर्वत्र पोहोचून सायक्लोऑक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे सूज व वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातली रसायने कमी तयार होतात. अ‍ॅस्पिरिनबाबत ही क्रिया ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवली. मात्र जठराचे अस्तर आम्लापासून राखणारी आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळणारीही प्रोस्टाग्लँडिन्सच असल्याने इंजेक्शन घेतले की पोट वाचते, हा (आमच्या चाळीतला लाडका) समज चुकीचा ठरतो. पट्टी कापण्यापूर्वी दुकानदाराने अल्सर, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार एवढे तरी विचारावे.

– एक वाचक, परळ, मुंबई