तक्रार पत्र: नव्या आवृत्तीतल्या मजकूर सिलेक्ट करण्याच्या डिफॉल्ट सेटिंग्जबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या एडिटरच्या नव्या आवृत्तीत मजकूर सिलेक्ट करण्याच्या डिफॉल्ट (कंपनीने आधीच ठरवून दिलेल्या) सेटिंग्ज नवशिक्यांच्या मुळावर आल्याबाबत.
संदर्भ: माझा ईमेल आणि त्यावर आलेलं आपलं दोन ओळींचं उत्तर.

महोदय,

खानापुरात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालतो. दुकानात आणि क्लासच्या सगळ्या मशीनवर मी आपलाच एडिटर घेतला, तोही रीतसर परवाने विकत घेऊन. कारण एकच, एका फायलीत मराठी आणि कन्नड दोन्ही धड टाइप होतं. इकडे त्याशिवाय भागत नाही. पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, बचत गटाचा ठराव मराठीत आणि लग्नपत्रिका दोन्हींत.

अपडेट आलं आणि सिलेक्शनची सगळी चाल बदलली. मी ईमेल केला, तर उत्तर आलं की ही त्रुटी नाही, रचनाच तशी आहे आणि सेटिंग्जमध्ये बदल करता येतो. ते उत्तर पटलं नाही म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी काय होतंय ते सांगते. आमच्या धंद्यात कोरी फाइल उघडून काम क्वचित होतं. जुना अर्ज उघडायचा, नाव-गाव सिलेक्ट करायचं, त्यावर नवं टाइप करायचं, सेव्ह करून प्रिंट द्यायची. आता आपल्या एडिटरमध्ये सिलेक्ट केलेल्या मजकुरावर टाइप केलं तर जुना मजकूर जात नाही. निळी पट्टी तेवढी जाते आणि नवीन अक्षरं जुन्याला चिकटून बसतात. ‘खानापूर येथील रहिवासी’ मधलं खानापूर सिलेक्ट करून पोरीने नंदगड टाइप केलं की अर्जात ‘खानापूरनंदगड येथील रहिवासी’ असं गाव तयार होतं. समोर गिऱ्हाईक उभं, रांग लागलेली. ते प्रिंट काढून हातात पडल्यावर दिसतं.

दोन भाषांचं काम असलं की याच्यापुढची गंमत. पत्रिकेची मराठी बाजू जुळवून झाली की आम्ही तिचीच कॉपी घेतो आणि एकेक ओळ सिलेक्ट करून त्यावर कन्नड टाइप करत जातो, म्हणजे मांडणी तशीच राहते. नव्या आवृत्तीत ओळ सिलेक्ट करून कीबोर्ड मराठीवरून कन्नडवर नेला की सिलेक्शनच सुटतं. कर्सर ओळीच्या मध्येच कुठेतरी उभा राहतो आणि मुहूर्ताच्या मराठी ओळीच्या पोटात कन्नड अक्षरं शिरतात. दोन भाषांचा एडिटर म्हणून आपण जाहिरात करता, तेव्हा भाषा बदलताना सिलेक्शन टिकलं पाहिजे एवढं तरी कुणीतरी तपासून बघायला हवं होतं.

माउसचं वेगळंच. माउसने नुसतं सिलेक्ट केलं तरी मजकूर आपोआप कॉपी होतो. जाणत्यांना ही सोय वाटत असेल. आता क्लासमधला प्रकार ऐका. एका विद्यार्थिनीने उताऱ्यावरून जमिनीचा सर्व्हे नंबर कॉपी केला, अर्जात आली, तिथला जुना नंबर माउसने सिलेक्ट केला आणि पेस्ट दाबलं. जुन्याच्या जागी जुनाच नंबर आला, कारण सिलेक्ट करताक्षणी तोच कॉपी झाला होता. तिने परत केलं, परत तेच. “मॅडम, ह्याचं पेस्टच बिघडलंय की हो,” म्हणाली. ती करत होती ते शंभर टक्के बरोबर होतं. तिला मी काय समजावणार? वर काहीच सिलेक्ट नसताना कॉपी दाबलं तर अख्खी ओळ उचलली जाते. कोड लिहिणाऱ्यांना ओळी हलवायच्या असतात, त्यांना ते बरं पडतं. अर्ज लिहिणाऱ्याला नाही.

सिलेक्ट केलेला मजकूर ओढून दुसरीकडे टाकण्याची सोयही चालू करून ठेवली आहे. नवीन माणसाचा माउसवर हात बसलेला नसतो. बटण दाबलेलं राहतं, हात हलतो आणि वाक्य दुसऱ्या परिच्छेदात जाऊन पडतं. एका पत्रिकेत ‘विवाहस्थळ’ची ओळ अशीच आमंत्रकांच्या नावांत जाऊन बसली होती. प्रेसमधल्या माणसाने विचारलं म्हणून वाचलो. ओढून टाकण्याची सोय इतरही एडिटरमध्ये आधीपासून चालू असते हे मला माहीत आहे. तरी शिकाऊ माणसासाठी ती बंदच हवी असं माझं मत आहे, कारण कट आणि पेस्टने तेच काम होतं आणि ते मुद्दाम केल्याशिवाय होत नाही.

आता मराठीपुरतं. माउसने ओढत गेलं की सिलेक्शन आपोआप पूर्ण शब्दावर उडी मारतं. इंग्रजीत चालून जातं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो. मला ‘खानापूरच्या’ मधलं फक्त ‘खानापूर’ काढून ‘निपाणी’ घालायचं असतं, ‘च्या’ तसंच हवं असतं. पण सिलेक्शन ‘च्या’सकट जातं, मग ते पुन्हा टाइप करा. पूर्ण शब्द हवा असेल तर डबल क्लिक आहेच. वर्डमध्येही ही सोय चालू येते हे खरं, पण तो वर्ड आहे. आपण देवनागरीसाठी म्हणून एडिटर विकता.

जोडाक्षरांचं तर कुणी बघितलंच नसावं. ‘लक्ष्मी’ डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द, आत मात्र ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी असे सात संकेत. शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की आपलं सिलेक्शन ‘क्ष्मी’च्या मध्येच थांबतं. अक्षराचा अर्धा भाग निळा, अर्धा पांढरा. तिथे डिलीट दाबलं की जे उरतं ते वाचायलाही येत नाही. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरावं असा नियम युनिकोडच्या (कॉम्प्युटरवर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणाच्या) १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ सालीच आला आहे. त्याप्रमाणे बाणाने एकदम पूर्ण ‘क्ष्मी’ निवडलं गेलं पाहिजे. मात्र बॅकस्पेसला हात लावू नका. त्याने शेवटची वेलांटी किंवा काना तेवढाच जातो, ते आम्हाला हवं आहे. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला सारखं लागतं ते.

आपलं उत्तर होतं, सेटिंग बदलता येते. येते. मी बदलली. त्यासाठी ‘प्रगत’मध्ये जाऊन इंग्रजी नावांची लांबलचक यादी वाचावी लागली. क्लासमध्ये प्रत्येकीचं लॉगिन वेगळं, त्यामुळे ते प्रत्येक लॉगिनवर पुन्हा करावं लागलं. पण मुद्दा माझ्या वेळेचा नाही. ज्याला एडिटर येतो तो न आवडलेली गोष्ट शोधून बदलतो. ज्याला येत नाही, त्याला हे सेटिंग आहे हेच कळत नाही. त्याला वाटतं आपलंच चुकलं. गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी आठवणी टाइप करायला शिकायला आले होते. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, पण इथे प्रत्येक वेळी स्वतःलाच दोष देत होते. अशा माणसांनी सेटिंग शोधावं म्हणून आपण म्हणत असाल तर डिफॉल्ट नेमकं कुणासाठी ठेवलं आहे? जाणकाराला ते कसंही असलं तरी फरक पडत नाही.

ही माझ्या एकटीची हौस नाही. ज्या कंपनीच्या नावाची पाटी आमच्यासारख्या प्रत्येक दुकानावर असते, त्या झेरॉक्सच्या ‘पार्क’ (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एडिटर केला. तो शालेय पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशनातल्या संपादकांसाठी होता, प्रोग्रामरसाठी नव्हता. ओढून सिलेक्ट करा, टाइप करा, जुनं जाऊन नवं येईल, ही रीत तिथली. आज मोबाइलवरही तीच आहे. माझ्याकडे येणारी मुलगी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी मोबाइलवर ते करून आलेली असते. उलट ईमॅक्ससारख्या प्रोग्रामरांच्या जुन्या एडिटरमध्ये सिलेक्शन रंगवून दाखवणंसुद्धा २००९ सालच्या २३ व्या आवृत्तीत डिफॉल्ट झालं आणि सिलेक्शनवर टाइप करून मजकूर बदलायची सोय वेगळी चालू करावी लागते. त्यांची माणसं ठरलेली आहेत, त्यांचं चालतं. आपण मात्र दुकानदार, शिक्षक आणि बचत गटांना एडिटर विकता.

आपल्या बाजूचं एक मान्य करते. सिलेक्शनवर टाइप केल्याने मजकूर जात असेल तर नवशिका कंट्रोल ए दाबून चुकून एक अक्षर टाइप करतो आणि अख्खा लेख जातो. खरं आहे, आमच्याकडेही झालंय. तरी ती सोय चालूच हवी. त्यावर उपाय अनडू, म्हणजे केलेलं मागे घेणं. एकदा अनडू दाबलं की गेलेला सगळा मजकूर परत यावा आणि तो सिलेक्ट केलेलाच असावा, म्हणजे काय गेलं होतं ते डोळ्याला दिसेल. सध्या आपलं अनडू एकेक अक्षर मागे जातं. घाबरलेला माणूस दोन-तीनदा दाबतो आणि फाइल बंद करून मोकळा होतो.

तेव्हा माझी मागणी अशी की सिलेक्शनवर टाइप केलं की मजकूर बदलणं चालू, आणि आपोआप कॉपी, ओढून टाकणं, रिकाम्या सिलेक्शनवर ओळ उचलणं, शब्दावर उडी हे सगळं बंद, असंच डिफॉल्ट द्या. सिलेक्शनचा फिका रंगही गडद करा, क्लासच्या जुन्या मॉनिटरवर तो दिसतच नाही. भाषा बदलल्यावर सिलेक्शन सुटणं आणि जोडाक्षर तुटणं हे तर दोषच आहेत, त्यांना सेटिंग म्हणू नका. आधीपासून वापरणाऱ्यांनी जे ठेवलं असेल ते अपडेटने बदलू नये. आणि कृपा करून पहिल्यांदा उघडल्यावर ‘आपण नवशिके की अनुभवी’ असं विचारू नका. चारचौघांत कुणी स्वतःला नवशिका म्हणवून घेत नाही. अनुभवींसाठी सेटिंग्जमध्ये एक बटण ठेवा, ते शोधतील.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. तोपर्यंत दुरुस्ती होणार नसेल तर आधीच्या आवृत्तीची इन्स्टॉल फाइल पाठवावी आणि माझ्या परवान्यांवर ती चालेल असं लेखी कळवावं. परवान्यांच्या पावत्यांची झेरॉक्स आणि ‘खानापूरनंदगड’ वाला अर्ज सोबत जोडला आहे, त्यातलं नाव आणि पत्ता खोडून.

कळावे,
आपली,
एक परवानाधारक ग्राहक
खानापूर, जि. बेळगाव